सासरचे फोन कुणी करायचे?

कॅनडातल्या मिसिसागाहून एका वाचक मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलंय. त्यात चार प्रश्न आहेत, पण मी अडकले ते या ओळींपाशी: ‘‘ताई, जानेवारीत नवी नोकरी लागली आणि सासरी रविवारचा फोन करणं मी सोडलं. आता साताऱ्यात सगळे म्हणतात, सून बदलली. नवऱ्याला मात्र कुणी एका शब्दाने विचारत नाही.’’

अगं (माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते), तू बदलली नाहीस. बारा वर्षं तू एक काम करत होतीस आणि त्याला कुणी काम म्हणत नव्हतं, इतकंच.

एकत्र कुटुंब म्हणजे काय, हे इरावती कर्वे यांनी १९५३ साली सांगितलं होतं: साधारणपणे एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचं जेवणारी, सामाईक मालमत्तेची, देवधर्म एकत्र करणारी नात्यातली माणसं. आता हे आपल्याला लावून बघ. छप्पर वेगळं, चूल वेगळी, गणपतीसुद्धा दोन ठिकाणी बसतो. तरी आपण ‘आमचं घर साताऱ्याचं’ म्हणतो. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाईंनी गुजरातेतल्या महुव्यातल्या कुटुंबांचा अभ्यास करून हेच मांडलं, की वेगळं राहिलं म्हणून घर तुटत नाही. एकमेकांसाठीची कर्तव्यं पाळली जातात का, ते बघायचं. पाळली जातात खरी. पण पाळतं कोण?

मिकाएला दी लिओनार्दो या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ साली याचं उत्तर दिलं. त्यांनी पाहिली ती उत्तर कॅलिफोर्नियातली इटालियन वंशाची कुटुंबं, म्हणजे आपल्यासारखीच बाहेरून येऊन रुजलेली. शुभेच्छापत्रं, फोन, भेटीगाठी, सणाची जेवणं, ही सारी जुळवाजुळव बायकाच करत होत्या, नवऱ्याच्या नातेवाइकांचीसुद्धा. घरातली बाई गेली किंवा घटस्फोट झाला, की ते काम तसंच पडून राहायचं.

हे वाचलं आणि मला आमचं कोल्हापूरचं घर आठवलं. आई दुपारी निळी अंतर्देशीय पत्रं घेऊन बसायची. जागा संपली की घडीच्या कडेने आडवं लिहायची. तिच्या वहीत मधोमध रेघ होती. डावीकडे वाढदिवस, उजवीकडे श्राद्धाच्या तिथी. ती गेली आणि पुढच्याच वर्षी आत्याच्या नातीच्या लग्नाची पत्रिका आली. आहेर काय करायचा, आधी फोन करायचा की नाही, बाबांना काहीच सुचेना. ते गेलेच नाहीत. आत्याचं येणंजाणं तिथून थांबलं. बाबा मायाळू होते गं. त्यांच्या सख्ख्या बहिणीचं नातं चाळीस वर्षं आईने सांभाळलं होतं.

आणि इकडे न्यू जर्सीत येऊन मीही तेच केलं. सासूबाईंशी मी बोलायची, नवरा शेजारी बसून मान हलवायचा. त्या आजारी पडल्या तेव्हा मी प्रवासात होते. त्याने फोन केला, ‘कसं वाटतंय?’ विचारलं, आणि पुढे दोघंही गप्प. आईला लेकाशी काय बोलावं कळेना, लेकाला आईशी. ते माझ्यामुळेही झालं होतं, हे मला फार लागलं.

म्हणून तुलाही थोडं रागावते. तू लिहितेस, ‘‘तो मीटिंगमध्ये आहे असं सांगून मी वेळ मारून न्यायचे.’’ का न्यायचीस? आणि फोन थांबवलेस तेही कुणाला न सांगता. संप केलास, पण मागणी काय ते सांगितलंच नाहीस. आधी सासूबाईंना सरळ सांग, ‘आई, नोकरीमुळे मला जमत नाही, यापुढे रविवारी हा फोन करेल.’ त्याच्याकडची लग्नं, वाढदिवस, कुणी गेल्याचं भेटायला जाणं, आहेर, सगळं त्याच्या वहीत. त्याच्या हस्ताक्षरात. तो म्हणतो ना, ‘‘मला काय बोलायचं सुचत नाही’’? आज भाजी कुठली केली, एवढं विचारलं तरी सुरुवातीला पुरे. तो चुकेल, एखादा वाढदिवस विसरेल. विसरू दे. आठवण करून देणं हेही कामच आहे आणि तेच तुला सोडायचंय.

बाकीच्या तीन प्रश्नांचं थोडक्यात. लेक इंग्रजीत उत्तर देते तर देऊ दे, तू मराठी सोडू नकोस. सुपर व्हिसावर (कॅनडात राहणाऱ्यांच्या आईवडिलांना मिळतो तो) सासू-सासऱ्यांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण किती राहायचं हे त्यांना विचार, आणि आरोग्यविम्याचा खर्च आधी धर. पुण्याच्या फ्लॅटची घाई नको.

तुमच्याकडे रविवारी सकाळचे साडेनऊ म्हणजे साताऱ्यात संध्याकाळचे सात, नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की आठ. ती वेळ त्याची. आणि तो फोनवर असताना स्वयंपाकघरातून ‘आईंना गुडघ्याचं विचार’ म्हणून ओरडू नकोस.