युद्ध नको, पण विरोधाची ही पद्धतही नको

"युद्धाला माझा विरोध आहे, पण आमच्याच लोकांची विरोधाची तऱ्हा पटत नाही. आता मी कुणाच्या बाजूची?" समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. बहुतेक वेळा आधी घरात भांडण होऊन गेलेलं असतं.

मुलुंडची वैदेही (नाव आणि तपशील बदलले आहेत) एम.ए. करते. बाबा निवृत्त सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे. आझाद मैदानातल्या युद्धविरोधी सभेसाठी तिच्या गटाने पुठ्ठ्याच्या शवपेट्या केल्या होत्या. त्यांवर तिरंगा आणि कारगिलमध्ये गेलेल्या जवानांची नावं. एक पेटी रंगवायला घरी आली आणि बाबा भडकले. "तुम्हा फौजींना युद्धच हवं असतं," असं ती बोलून गेली. मग अबोला. दोघांना माझ्याकडे घेऊन आली ती आई.

युद्ध हवं का, असं मी बाबांना सरळ विचारलं. "मॅडम, ज्याने बघितलंय त्याला कशाला हवं असेल?" १९९९ साली कारगिलमध्ये आपले ५२७ जवान गेले. पार्थिवं त्यांच्या त्यांच्या गावी पोचवली गेली, त्यातल्या एकासोबत बाबा गेले होते. जवानाच्या आईने पेटीकडे पाहिलंच नाही. यांचा हात धरून तिने विचारलं, "पोरा, तू जेवलास का?" हे सांगताना त्यांनी स्वतःचं मनगट घट्ट धरलं होतं. "त्या माउलीला कुणी विचारलं का, तुमच्या लेकाचं नाव पुठ्ठ्यावर लिहू का म्हणून? आणि तिरंगा असा कशावरही पांघरायचा नसतो, कायदाच आहे तसा."

वैदेही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, नावं तिलाही खटकली होती. पण बोललं तर गटात 'शेवटी फौजीचीच मुलगी' असं ऐकावं लागलं असतं.

खरी गाठ इथे होती. हेतू पटला की पद्धतही पटलीच पाहिजे, ही अट मला अन्यायाची वाटते. २००३ मध्ये इराक युद्धाच्या विरोधात अमेरिकेत सांता बार्बराच्या किनाऱ्यावर मृत सैनिकांसाठी क्रूस रोवले गेले. विरोध करणाऱ्यांत माजी सैनिकही होते. अशा ठिकाणी काही घरचे फुलं घेऊन आले, तर काहींनी आमच्या मुलाचं नाव काढा म्हणून सांगितलं. मला दोन्ही समजतं. गेलेल्या मुलाला त्या युद्धाबद्दल काय वाटत होतं, हे आता त्याला विचारता येत नाही. निदान घरच्यांना तरी विचारावं, असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी वैदेहीला सांगितलं.

गटात काय बोलायचं याची आम्ही तालीम केली. वाक्य छोटं ठेवलं: "मी सभेला येणार आहे. घरच्यांना न विचारता नावं नकोत आणि तिरंगा नको." खुलासे नाहीत, माफी नाही.

वाद झाला, पण नावं आणि तिरंगा काढला गेला. पेट्या राहिल्या, त्यांवर फक्त ५२७ हा आकडा. बाबांना त्या पेट्याही पसंत नाहीत. वैदेहीचं म्हणणं, त्याशिवाय लोक थांबून बघत नाहीत. यावर दोघांचं एकमत होईलसं मला वाटत नाही आणि व्हायलाच हवं असंही नाही. गटातल्या एका मैत्रिणीने मात्र तिच्याशी बोलणं तोडलंय. पुढच्या भेटीत तो विषय घ्यायचा आहे.