वाचकांचे प्रश्न : सल्ल्याच्या धंद्याला टॅगलाइन

प्रश्न : फोंड्यात आम्ही दोघांनी कम्युनिकेशन सल्लागार म्हणून व्यवसाय सुरू केला आहे. काही हॉटेलं, एक शिक्षणसंस्था आणि वेर्ण्यातली एक औषध कंपनी असे ग्राहक आहेत. प्रसिद्धिपत्रकं लिहिणं, अडचणीच्या वेळी निवेदन तयार करणं, अधिकाऱ्यांना पत्रकारांपुढे बोलायला शिकवणं ही कामं. टॅगलाइनसाठी तीन ओळी सुचल्या : 'संवादाचा सेतू', 'तुमचं यश, आमचं ध्येय' आणि 'विश्वासार्ह, सर्जनशील, तत्पर'. कोणती घ्यावी?

उत्तर : तिन्ही बाजूला ठेवा. 'तुमचं यश, आमचं ध्येय' या ओळीवर विमा एजंटाचं नाव घालून बघा, मग कोचिंग क्लासचं, मग ब्यूटी पार्लरचं. सगळ्यांना बसते, म्हणजे ती तुमची नाही. तिसरी ओळ स्वतःच्या तोंडची स्तुती आहे. आणि सेतूचं म्हणाल, तर पणजीजवळ मांडवीवर आधीच तीन पूल आहेत. चौथा तुम्ही कशाला बांधता?

ब्रीदवाक्य आणि टॅगलाइन यांत इथे गल्लत झाली आहे. आयुर्विमा महामंडळाचं 'योगक्षेमं वहाम्यहम्' हे ब्रीद. संस्थेनं घेतलेला वसा. 'गाव तेथे एस.टी.' ही मात्र ग्राहकाशी बोलणारी ओळ आहे. तीनच शब्द, एकही विशेषण नाही, आणि खरं-खोटं कुणालाही आपल्या गावात तपासता येतं. तुम्हाला या दुसऱ्या जातीची ओळ हवी.

ती टेबलाशी बसून सुचत नाही. आठ-दहा ग्राहकांना फोन करा आणि एकच विचारा : 'आमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी तुमचं नेमकं काय अडलं होतं?' उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा, भाषा सुधारू नका. 'पत्रकाराचा फोन आला की जीभच वळत नाही' असं कुणी म्हणालं, तर 'माध्यम व्यवस्थापनातील आव्हान' असं लिहून त्याची माती करू नका. जे क्रियापद तीन-चार जणांच्या तोंडी आलं, त्याभोवती एका बैठकीत चाळीस ओळी लिहा. पहिल्या पंधरा घासून गुळगुळीत झालेल्याच निघतील. त्या बाहेर पडू द्याव्या लागतात. कागद दोन दिवस ठेवून द्या, मग पाच निवडा.

समजा 'पत्रकाराचा फोन यायच्या आधी' ही ओळ उरली. धारदार आहे, पण शिक्षणसंस्थेला वाटेल की हे फक्त भानगडी निस्तरतात. 'अवघड ते सोप्या मराठीत' गोड आहे, पण औषध कंपनीचं काम इंग्रजीत चालत असेल तर ती तुम्हालाच बांधून टाकेल. 'नेमकं बोला, वेळेवर बोला' तिन्ही प्रकारच्या ग्राहकांना चालते. धार थोडी कमी. आमचा कल पहिलीकडे आहे, मात्र निम्म्याहून अधिक उत्पन्न निवेदनं आणि प्रशिक्षण यांतून येत असेल तरच.

चाचणी घेताना 'आवडली का?' हे कधीच विचारू नका. ओळखीचा माणूस हो म्हणतोच. फोनवर ओळ एकदा म्हणा आणि विचारा, 'हे लोक काय काम करतात?' धंद्याशी संबंध नसलेल्या दहांपैकी सात जणांनी बरोबर सांगितलं तर ठेवा. तासाभरानं त्यांनाच पुन्हा फोन करून ती म्हणायला सांगा. जो शब्द ते बदलून म्हणतील, तो बहुधा बदलायलाच हवा.

प्रश्न : ओळ मराठी, कोंकणी आणि इंग्रजी तिन्हींत हवी का?

उत्तर : ज्या भाषेत ग्राहक करार वाचतो, तिच्यात आधी. दुसऱ्या भाषेत हवीच असेल तर नव्यानं लिहा. 'आहे'च्या जागी 'आसा' घातलं की कोंकणी झाली, असं समजणाऱ्या पाट्या आपल्याकडे कमी नाहीत. कोंकणीत विचार करणाऱ्या माणसाला ग्राहकांची तीच उत्तरं द्या आणि त्याला मोकळं सोडा.

छपाईचं एक. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर नेताना रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकते. म्हणून फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं आकृत्यांत रूपांतर करून द्या आणि प्रूफ कागदावरच तपासा. व्हिजिटिंग कार्डावर आठ पॉइंटच्या खाली जोडाक्षरं शाईत बुजतात. इन्स्टाग्रामच्या बायोत 150 अक्षरांची मर्यादा आहे, पण 'स्पष्ट' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा, तर संगणकाच्या हिशोबी सहांचा. गूगलवर व्यवसायाच्या नावाच्या रकान्यात टॅगलाइन जोडू नका. ते त्यांच्या नियमात बसत नाही.

प्रश्न : टॅगलाइनची नोंदणी होते का?

उत्तर : ट्रेडमार्क म्हणून होऊ शकते. मात्र केवळ कामाचं वर्णन करणारी ओळ 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 मध्ये अडकते. शिवाय ओळ आधीच कुणी घेतली आहे का, हे पाहायला अर्जाआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर शोध घ्या, उच्चारानं जवळच्या शब्दांचाही. ट्रेडमार्कच्या वर्गवारीत जनसंपर्क वर्ग 35 मध्ये येतो, प्रशिक्षण 41 मध्ये. ऑनलाइन अर्जाचं शुल्क व्यक्ती किंवा लघुउद्योगाला प्रत्येक वर्गासाठी 4,500 रुपये आहे. गोव्याचे अर्ज मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतात. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. नोंदणी होईतोवर ओळीशेजारी 'टीएम' लिहायला हरकत नाही. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच लावा. आधी लावणं कलम 107 खाली गुन्हा आहे.