मॅरेथॉनचं नंतर बघू, आधी जूनपासूनचं बोल

ताई,
मी ३६ वर्षांची, ठाण्यात राहते, बँकेत नोकरी करते. चार वर्षांपूर्वी उपवन तलावावर चालायला जायचे, तिथेच धावण्याची गोडी लागली. येत्या जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन चार तासांच्या आत करायची ठरवलं होतं. पहाटे साडेचारला उठून धावते, साडेसातच्या आत परत येऊन डबे करते. सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. तेव्हापासून ओट्याचं सगळं माझ्याकडेच आहे. त्या येता-जाता टोमणे मारतात. नवरा म्हणतो, एवढं जिवाचं रान कुणासाठी? ग्रुप आणि कोच होते म्हणून मी टिकले. कोचच्या सांगण्यावरून वजन ५८ वरून ४९ किलोवर आणलं. साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटात मागच्या वर्षीपेक्षा अकरा मिनिटं कमी लागली. घरचंही काही चुकवलं नाही. जूनपासून पाळीची कटकट नाही, त्यामुळे गौरी, नवरात्र, दिवाळी, सगळं सोवळ्याचं माझ्याच हातून झालं. नवरात्राचे नऊ उपवास सांभाळून २८ किलोमीटरची लाँग रनसुद्धा केली. आणि दिवाळीच्या तोंडावर नडगी दुखायला लागली. एक्स-रेमध्ये काही नव्हतं, एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेला बारीक तडा. मार्चमध्ये पायाच्या पंजाला झालं होतं, हे दुसरं. डॉक्टर म्हणतात, निदान आठ आठवडे धावायचं नाही. घरात सगळे ‘सांगत होतो ना’ म्हणतायत. जानेवारीची धाव सोडून देऊ का? आणि माझं धावणं घरच्यांच्या गळी कसं उतरवू?
– एक धावपटू, ठाणे
(पत्र संक्षिप्त केले आहे.)

बाळ,

जूनपासून पाळी नाही, आणि हे तू सणांच्या कौतुकात लिहून मोकळी झालीस. मूळ पत्रात टोमण्यांना दीड पान आहे, नवऱ्याच्या एका वाक्याला अर्धं पान आहे, पाळीला जेमतेम एक ओळ. मी आज त्या ओळीवरच बोलणार आहे. तुझ्या नडगीचं कारण बहुतेक तिथेच आहे, आणि पाळी थांबण्याआधीपासूनच पोटात कमी जात असेल तर मार्चमधल्या पंजाचंही.

जानेवारीचं आधी उरकते. नाही धावायचं. अर्धी नाही, दहा किलोमीटर नाही, ‘नुसती चालत पूर्ण करते’ हेही नाही. शर्यतीच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. फी भरली असेल ती गेली असं समज.

आता जूनकडे ये. सहा महिने होत आले. ज्या बाईची पाळी नियमित होती तिची सलग तीन महिने चुकली, की डॉक्टरांना दाखवायचं असतं. तू त्याच्या दुप्पट थांबलीस, आणि त्या काळात आठवड्याचे किलोमीटर वाढवत गेलीस, वजन उतरवत गेलीस. तुला हा सुटकेचा भाग वाटला. पहाटे पॅडची चिंता नाही, लाँग रनला पोटात दुखणं नाही, देवघरात कुणाला सांगावं लागत नाही. हे वाटणं मी समजू शकते. पण शरीराने तुला ही सवलत दिलेली नाही. त्याने हात आखडता घेतलाय. पगार पुरेनासा झाला की घर किराणा आणि लाइट बिल भरतं आणि ज्याच्यावाचून आजचा दिवस अडत नाही ते सगळं थांबवतं, तसं. हृदय चालू ठेवायचं, मेंदू चालू ठेवायचा, पाय पळत राहतील एवढं बघायचं. मूल राहू शकेल अशी तयारी दर महिन्याला करणं बंद. मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश मंदावतात, इस्ट्रोजेन खाली येतं. आणि इस्ट्रोजेन फक्त पाळीपुरतं नसतं. हाडं झिजतात आणि पुन्हा भरून निघतात, हे आपल्या अंगात रोज चालू असतं. त्यातली झीज आवाक्यात ठेवायचं काम हे संप्रेरक करतं. ते कमी झालं की झीज पुढे जाते, भर मागे पडते. तशा हाडांवर तू येऊरच्या चढ-उतारावर आठवड्यामागून आठवडे आपटत राहिलीस. एक वर्ष, दोन फ्रॅक्चर. यात बूट बदलून काही होणार नाही.

हिशोबच कर. तू बँकेत आहेस, तुला आकडे कळतात. धावताना किलोला, किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते. ४९ किलोची बाई २८ किलोमीटर धावली की तेराशे-चौदाशे कॅलरी फक्त धावण्यात गेल्या. म्हणजे साध्या, बिनतुपाच्या तेरा-चौदा पोळ्या. त्यानंतर डबे, लोकल, बँक, परत येऊन स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, त्याचं वेगळं. आणि त्या दिवशी पोटात काय गेलं? तू लिहिलं नाहीस, पण घटाच्या दिवसांतलं सुनेचं ताट मला ठाऊक आहे. वाटीभर वरी, दाण्याची आमटी, दुपारी चहा, रात्री एक राजगिऱ्याचा लाडू, तोही सगळ्यांचं वाढून झाल्यावर ओट्यापाशी उभ्याने. ही तूट एका दिवसाची असती तर शरीराने सोसली असती. तुझी तूट निदान जूनपासूनची आहे.

याला नाव आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये ते दिलं, रेड-एस. खेळाला लागेल एवढी ऊर्जा अन्नातून न मिळाल्यामुळे होणारी शरीराची हानी. ती पुरुष धावपटूंनाही होते, पण त्यांना इतका ढळढळीत इशारा मिळत नाही. तुला दर महिन्याला मिळत होता. ग्रुपमधली कुणी सांगेल की चांगल्या धावपटू बायकांचं असंच असतं, पाळी गेली म्हणजे ट्रेनिंग बरोबर चाललंय. हे साफ खोटं आहे, मग सांगणारी कितीही वेगात धावत असो. आणि साताऱ्याची अकरा मिनिटं पुढे करू नकोस. वजन उतरलं की सुरुवातीला वेळ सुधारते, म्हणूनच तर माणूस फसतो. हाडाचं बिल नंतर येतं.

तुझ्या कोचवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. नऊ किलो उतरवायला सांगणाऱ्या माणसाने एकदाही विचारू नये, की पाळी वेळेवर येते का? वजन विचारायला संकोच वाटत नाही, वेग विचारायला नाही, मग हे विचारायला का वाटावा? बायकांना मॅरेथॉनसाठी तयार करायचं असेल तर हा प्रश्न पहिल्या दिवशी फॉर्मवर हवा. पण राग तुझ्यावरही आहे. पहिलं फ्रॅक्चर झाल्यावर तू हाडांच्या डॉक्टरांना किलोमीटर सांगितले असशील, बुटांचा ब्रँडही सांगितला असशील. जूनचं सांगितलंस का दिवाळीत? नक्कीच नाही, सांगितलं असतंस तर त्यांनी तुला तिथूनच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

का सांगितलं नाहीस, याचा मला अंदाज आहे. घरात कळलं तर आयतं कोलीत मिळेल. ‘बघ, धावून धावून पोटाचं वाटोळं केलंस.’ ही भीती तुझ्या एकटीची नाही. १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या आणि नंतर ती शर्यतच १९६० पर्यंत बंद ठेवली, कारण काय तर बायकांच्या शरीराला झेपत नाही. बायकांची मॅरेथॉन ऑलिम्पिकमध्ये यायला १९८४ उजाडलं. इतकी वर्षं हे ऐकत आल्यावर धावणाऱ्या बाईला आपल्या शरीरात काही बिघडलंय हे कबूल करणं म्हणजे हार वाटते. पण लपवून तू त्या लोकांनाच खरं ठरवते आहेस. धावण्याने बाईचं शरीर बिघडत नाही. पुरेसं खाऊन धावलं तर हाडांना त्याचा फायदाच होतो. बिघडतं ते उपाशी धावून.

आणि सासूबाई. त्यांच्या टोमण्यांचा निवाडा मी करणार नाही, तो या पत्राचा विषयच नाही. पण त्यांचा खुबा बाथरूममध्ये पडून मोडला, हे तू जाता जाता लिहिलंस. पाळी गेल्यानंतर बायकांचं इस्ट्रोजेन कमी होतं, हाडं ठिसूळ होतात आणि साध्या पडण्याने खुबा मोडतो. घरोघरी हेच दिसतं. त्यांच्या वयाला जे येतं ते तू ३६ व्या वर्षी ओढवून घेते आहेस. तुझ्या घरात हाड मोडल्यावर काय होतं हे सगळ्यात नीट कुणाला कळत असेल तर त्यांना. त्यांना सांग. ‘आई, सहा महिने पाळी नाही, दोनदा हाडाला तडा गेलाय, डॉक्टरकडे जायचंय, तुम्ही बरोबर येता का?’ त्या ‘सांगत होते ना’ म्हणतील. म्हणू देत. यायला मात्र नाही म्हणणार नाहीत, असं मला वाटतं. आणि नाहीच आल्या तर एकटी जा.

हाच माझा सल्ला आहे, दुसरा नाही. या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घे. आत गेल्यावर ‘पाळी जरा पुढेमागे होते’ असं गुळमुळीत बोलायचं नाही. चार गोष्टी एका दमात सांगायच्या: जूनपासून पाळी नाही, वर्षात दोन स्ट्रेस फ्रॅक्चर, नऊ किलो वजन उतरलंय आणि मॅरेथॉनचं ट्रेनिंग चालू होतं. या चार गोष्टी एकत्र ऐकल्या की चित्र लगेच उभं राहतं, सुट्या सुट्या सांगितल्या तर निसटतं. डॉक्टर आधी गर्भधारणेची चाचणी करतील, लाजू नकोस, ती करावीच लागते. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, बाकीची संप्रेरकं, सोनोग्राफी बघतील. दुसरंही कारण निघू शकतं, म्हणून माझ्या पत्रावर विसंबून घरी बसू नकोस. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व तपासून घे आणि हाडांच्या घनतेचं, म्हणजे डेक्सा स्कॅनचं, तू स्वतःहून विचार. कुणी खाण्याबद्दल एक अक्षर न विचारता ‘या गोळ्या घ्या, पाळी येईल’ म्हणून चिठ्ठी दिली तर तिथे थांबू नकोस. गोळ्यांनी रक्तस्राव होतो, तुलाही बरं वाटतं, पण ऊर्जेची तूट तशीच राहते आणि हाडं तशीच राहतात. दुसऱ्या डॉक्टरकडे जा. जमलं तर खेळाडूंबरोबर काम करणारी आहारतज्ज्ञ शोध.

तोवर जेव. ‘आता धावत नाही तर भात कशाला’ हे तू मनात म्हणते आहेस, मला माहीत आहे, दुखापत झालेले सगळे धावपटू म्हणतात. नडगीचं हाड या घटकेला जुळतंय, त्याला आत्ताच सगळ्यात जास्त लागणार आहे. सकाळी सगळ्यांच्या डब्यांआधी तुझी ताटली भर. दाणे घातलेले पोहे, दूध, अंडं खात असशील तर अंडं, आणि बसून खा. आता मार्गशीर्षातले गुरुवार येतील. यंदा धरायचे नाहीत. पूजा मांड, कहाणी वाच, नैवेद्य कर, आणि सकाळी पोटभर खा. हे सासूबाईंना सांगायचं काम नवऱ्याचं. जिवाचं रान कुणासाठी विचारतो ना, तर तेवढं त्याने करावं.

आणखी एक, हे टाळू नकोस. जांघेत किंवा मांडीच्या सांध्यात खोल दुखायला लागलं, पाय टेकवताना कळ आली, तर आठवडाभर वाट बघू नकोस, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे जा. मांडीच्या हाडाच्या मानेला तडा असेल आणि त्यावर चालत राहिलीस तर तो सरकू शकतो, मग ऑपरेशन.

पाळी परत यायला काही महिने लागतील. दोन-चार किलो वजन वाढेल, वाढू दे. उपवनला जायचं सोडू नकोस. डॉक्टर चालायला परवानगी देतील तेव्हा चाल, पळायला देतील तेव्हा एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं सुरू कर. ग्रुपमधल्या बायकांना जूनची गोष्ट सांग. त्यांच्यातल्या आणखी कुणाचीतरी पाळी थांबलेली असेल आणि तीही गप्प असेल.

शनिवारच्या आत वेळ घेतलीस की मला दोन ओळी लिही. घरच्यांच्या गळी काय उतरवायचं ते रिपोर्ट आल्यावर बोलू.

– तुझी ताई