'अवतार: द लास्ट एअरबेंडर' आधी पाहू, 'कोरा' की २०१० चा चित्रपट?

मूळ अ‍ॅनिमेशन मालिकेपासूनच सुरुवात करा, मग तिची पुढची मालिका 'द लेजंड ऑफ कोरा' बघा. चित्रपट वगळलात तरी काही बिघडत नाही. मी तिन्ही पाहिलंय. मालिकेच्या (२००५–०८) पहिल्या पर्वाचे २० भाग चित्रपटाने पावणेदोन तासांत कोंबलेत. मालिकेत दगडमाती हलवण्याची शक्ती असलेल्याने पाय आपटला की शिळा उसळते. चित्रपटात काही जण मिळून हातवारे करतात, तेव्हा कुठे एक दगड तरंगत जातो! मालिकेचा बारावा भाग तर चुकवूच नका: अवतारच्या मागावर असलेल्या राजपुत्र झुकोला त्याचा बाप भाजतो आणि आयरोकाका तोंड फिरवतो, अंगावर काटा येतो. फक्त, ७० वर्षांनंतर घडणारी 'कोरा' जास्त प्रौढ आहे, लहानग्यांना लगेच दाखवू नका.