फोनमध्ये राहिलेले पासपोर्ट

प्रश्न : मांद्र्याला आमच्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. विदेशी पाहुण्यांकडून पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो मी आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घेते, म्हणजे सी फॉर्म (विदेशी पाहुण्याची सरकारकडे करायची नोंद) भरायला बरं पडतं. आपल्याकडचे लोक आधारकार्ड पाठवतात. परवा पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, “आम्ही गेल्यावर आमच्या आधारचं तुम्ही काय करता?” मला काही सांगताच आलं नाही. भाचा म्हणतो, टेलिग्राम घे, ते सगळ्यांत सुरक्षित. त्याचं खरं का?
— एक गृहिणी, मांद्रे

उत्तर : ताई, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने विचारला नाही, आणि विचारायला हवा होता. म्हापशात माझं झेरॉक्स आणि प्रिंटचं दुकान आहे. लोक घरूनच फोटो पाठवतात आणि सांगतात, “बाय, दोन कॉपी काढून ठेव, शुक्रवारी बाजाराला आलो की नेतो.” दोन वर्षांपूर्वी एका रात्री मी माझ्याच फोनच्या गुगल फोटोजमध्ये ‘पासपोर्ट’ हा शब्द इंग्रजीत टाकून शोधलं. एकाखाली एक चेहरे यायला लागले. शेजारच्या सुताराची मुलगी, बोटीवर जाणारे तरुण, आता हयात नसलेले एक भटजी. मग ‘आधार’ शोधलं. ती यादी तर संपेचना. यातला एकही फोटो मी मुद्दाम ठेवला नव्हता. पहाटेपर्यंत बसून पुसले, आणि नंतर कळलं की पुसलेले फोटोसुद्धा तिथल्या कचरापेटीत 60 दिवस राहतात. तीही रिकामी केली.

हे झालं कसं ते नीट समजून घ्या, तुमच्याही फोनमध्ये तेच चाललेलं असणार. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं एप्रिल 2016 पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतं. पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूप लागतं ते घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतं, मधे कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. पण फोटो तुमच्या फोनवर उतरला की तो गॅलरीत जाऊन बसतो. गॅलरीतून गुगल फोटोजमध्ये चढतो. आणि रात्री चॅटचा बॅकअप होतो त्यात तिसरी प्रत गुगल ड्राइव्हवर जाते. वाटेत कुलूप होतं, मुक्कामाला पोचल्यावर तीन ठिकाणी उघडं.

म्हणून आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स उघडा आणि ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा. मग त्याच पानावर चॅट बॅकअपमध्ये जाऊन एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करा. ही सोय 2021 पासून आहे, पण आपण होऊन चालू होत नाही. तिथे पासवर्ड ठेवा किंवा 64 अंकांची किल्ली घ्या. ती हरवली तर ना व्हॉट्सअ‍ॅप काढून देऊ शकत, ना गुगल. मी माझी वहीत लिहून घराच्या कागदपत्रांच्या पेटीत ठेवली आहे.

भाच्याचं मात्र बरोबर नाही. टेलिग्रामच्या साध्या चॅटची किल्ली कंपनीकडे असते. दोन्ही टोकांचं कुलूप फक्त ‘सिक्रेट चॅट’ला, ते दर वेळी वेगळं सुरू करावं लागतं, आणि ग्रुपला तर ते मिळतच नाही. लोक टेलिग्रामला सुरक्षित म्हणतात ते त्याच्या नावलौकिकावरून.

तुमच्या कामाला मी सिग्नल हे निरोपांचं अ‍ॅप सुचवीन. ते एका ना-नफा संस्थेचं आहे. त्यावर आलेला फोटो आपोआप गॅलरीत जात नाही, आणि ठरावीक मुदतीने संदेश दोन्हीकडून पुसला जाईल असं लावून ठेवता येतं. मी आठवड्याची मुदत लावते. खातं उघडायला फोन नंबर लागतोच, पण 2024 पासून युजरनेम घेता येतं, म्हणजे अनोळखी पाहुण्याला आपला नंबर द्यायला नको. 2016 साली अमेरिकेत तपासासाठी सिग्नलकडे एका खात्याची माहिती मागितली गेली, तेव्हा त्यांना दोनच गोष्टी देता आल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी वापरलं. बाकी काही त्यांनी साठवलेलंच नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपला मजकूर दिसत नसला तरी कोण कोणाशी कधी बोललं हे कळतं. हा फरक माझ्या लेखी मोठा आहे.

पण त्याहून सोपी गोष्ट सांगू? फोटो आधी मागवूच नका. सी फॉर्म पाहुणा आल्यापासून 24 तासांत भरायचा असतो. तो दारात आला की पासपोर्ट हातात घ्या, समोर बसून फॉर्म भरा, पासपोर्ट परत द्या. देशी पाहुण्यांना मास्क्ड आधार आणायला सांगा, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. पोलिसांनी प्रत ठेवायला सांगितली असेल तर कागदावर ठेवा, कपाटात, कुलपात. पुण्याच्या बाईंना मग सरळ उत्तर देता येईल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. आम्ही तिघे भाऊ: मी फोंड्यात, एक मुंबईत, एक लंडनला. वडिलोपार्जित भाटाची, म्हणजे बागायतीची, वाटणी चालली आहे. एक-चौदाचे (जमिनीच्या नोंदीचे) उतारे, पोर्तुगीज काळातले जुने दस्त, सगळं स्कॅन करून पणजीच्या वकिलांना जीमेलवरून पाठवतो. जमिनी बळकावल्याच्या बातम्या वाचून धास्ती वाटते. तिघांनी प्रोटॉन मेल घ्यावं का? जीमेलचा ‘कॉन्फिडेन्शियल मोड’ पुरतो का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : सर, तुमची धास्ती अनाठायी नाही. खोट्या दस्तांवरून जमिनी लाटल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की 2022 साली सरकारला त्यासाठी एसआयटी नेमावी लागली. ज्या घरातली माणसं बाहेरगावी आहेत, त्यांनी जास्तच जपायला हवं.

कॉन्फिडेन्शियल मोडवर विसंबू नका. त्याने पत्र पुढे पाठवण्याचं बटण जातं आणि मुदत लावता येते, एवढंच. पत्राची किल्ली गुगलकडेच राहते आणि वाचणारा दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो घेऊ शकतो. जाहिरातींसाठी जीमेलमधली पत्रं वापरणं थांबवतो असं गुगलने 2017 मध्ये जाहीर केलं, ते चांगलंच झालं. पण उघडी प्रत त्यांच्याकडे असते ती असतेच.

प्रोटॉन मेल 2014 मध्ये सुरू झालं, सर्न या संशोधन केंद्रात भेटलेल्या लोकांनी, स्वित्झर्लंडमध्ये. प्रोटॉनवरून प्रोटॉनला गेलेलं पत्र कंपनीला वाचता येत नाही. मात्र तुमचे वकील जीमेलवर असतील तर त्यांच्या पेटीत ते साधं पत्र म्हणूनच पडणार. पत्राला वेगळा पासवर्ड लावला तर त्यांना एक लिंक जाते आणि पासवर्ड घालून पत्र उघडतं. हे वापरा, आणि पासवर्ड फोनवर तोंडी सांगा. त्याच मेलमध्ये खाली लिहिलेले पासवर्ड मी दुकानात रोज बघते. आणखी एक: प्रोटॉनमध्ये विषयाची ओळ या कुलपात येत नाही. तिथे सर्व्हे नंबर लिहू नका, ‘कागद’ एवढं पुरे. जर्मनीच्या टुटा मेलमध्ये विषयही बंद होतो.

खासगी मेल म्हणजे अदृश्य मेल, असा समज मात्र नको. 2021 मध्ये स्विस कायद्यानुसार आदेश आल्यावर प्रोटॉनला फ्रान्समधल्या एका कार्यकर्त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट कुठून वापरलं याची खूण, द्यावा लागला होता. पत्रांमधला मजकूर देणं त्यांना शक्यच नव्हतं. आणि एप्रिल 2025 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल भारतात बंद करण्याच्या दिशेने पावलं उचलायला केंद्राला सांगितलं. त्यामुळे बँक, पेन्शन, आधार हे सगळं उचलून तिथे नेऊ नका. ते जिथे आहे तिथेच राहू दे, फक्त टू-स्टेप पडताळणी लावा.

तुमच्या जागी मी असते तर ईमेलचा हट्टच धरला नसता. तिघे भाऊ आणि वकील अशा चौघांचा सिग्नलवर ग्रुप केला असता आणि दस्त पासवर्डवाल्या पीडीएफमध्ये पाठवले असते. फोन हरवला तर सिग्नलवरचं बोलणं आपोआप परत येत नाही, म्हणून मूळ स्कॅन एका पेनड्राइव्हवर घरी असू द्या. वकिलांना सांगायला संकोच करू नका. अशील तुम्ही आहात.

लंडनच्या भावाला आजच एक विचारा: त्याच्या जीमेलला गोव्याचा जुना नंबर जोडलेला आहे का? माझ्या मावसभावाने बोटीवर असताना सिमचं रिचार्ज केलं नाही. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, आणि तसंच झालं. नव्या मालकाने व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तेव्हा घरच्या ग्रुपमधले लोक त्यालाच ‘कधी येतोस?’ विचारत होते. माणूस सज्जन निघाला, त्याने स्वतःच कळवलं. नंबर सोडायच्या आधी तो मेलमधून, बँकेतून, व्हॉट्सअ‍ॅपमधून बदलून घ्यायचा. आणि व्हॉट्सअ‍ॅपला सहा अंकी पिन लावायचा.

प्रश्न : सिग्नल घेतलं, पण माझ्या ओळखीचं तिथे कोणीच नाही. सगळ्यांना कसं आणू?
— कॉलेज विद्यार्थी, साखळी

उत्तर : सगळ्यांना आणायची गरज नाही. ज्यांच्याशी पैसे, तब्येत, घरातल्या गोष्टी बोलतोस ती चार माणसं आण. त्यांच्या फोनवर तूच बसवून दे, आणि पुढचा निरोप तिथूनच पाठव. भजनी मंडळ आणि क्रिकेटची टीम व्हॉट्सअ‍ॅपवर राहू दे.

प्रश्न : मी बंगळुरूला नोकरी करते, आई वाळपईला एकटी असते. माझा फोटो लावून कोणीतरी नव्या नंबरवरून तिच्याकडे पैसे मागितले. ती वाचली, पण आता माझ्याही मेसेजवर तिचा विश्वास बसत नाही. “तूच कशावरून?” म्हणते.
— एक मुलगी

उत्तर : आईचं अगदी बरोबर आहे, तिला तसंच विचारू दे. फोटो कोणीही लावू शकतं. पैशाचं बोलणं आलं की तिने मेसेजला उत्तर न देता तुझ्या जुन्या नंबरवर स्वतः फोन लावायचा, एवढं तिच्याकडून पक्कं करून घे. लग्नपत्रिका किंवा चलन म्हणून फाईल आली आणि नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर हातच लावायचा नाही. ती पत्रिका नसते, फोनमध्ये शिरणारं अ‍ॅप असतं. कधी पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

चवथीला घरी येशील तेव्हा गणपतीवरची माटोळी बांधून झाली की दोघी शेजारी बसा, आईच्या फोनवरही सिग्नल बसव आणि त्यात एकमेकींच्या नावावर जाऊन सुरक्षा क्रमांक उघडा. पलीकडे खरंच तूच आहेस हे आईला त्यावरून ताडता येतं. पाच-पाच अंकांचे बारा गट दिसतात. कोड स्कॅन केला तरी चालतं, पण पहिल्यांदा मोठ्याने वाचूनच बघा: तू एक गट वाच, आईने पुढचा वाचावा. जुळले की ‘पडताळलेलं’ अशी खूण करून ठेवा. तू फोन बदललास की हा क्रमांक बदलू शकतो, आणि बदलला तर आईला तशी सूचना दिसेल. तेव्हा ती घाबरणार नाही असं बघ, आणि नवा फोन घेतलास त्याच दिवशी तिला आवाजी कॉल करून सांग.