निर्माती व्हायचंय, पण बी.कॉम. सोडू नकोस

प्रश्न: मी सोलापूरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. युनिव्हर्सल स्टुडिओचे संस्थापक कार्ल लेमले यांच्याबद्दल वाचलं. परक्या देशात, कुणाची ओळख नसताना ते निर्माते झाले. मलाही तेच व्हायचंय. कॉलेज सोडून मुंबईत दिग्दर्शनाचा सहा महिन्यांचा कोर्स करू का? बाबा नको म्हणतात.

उत्तर: बाबांचं म्हणणं मला पटतं, पण तुझी इच्छाही सोडून देण्यासारखी नाही.

लेमले जर्मनीतल्या लाउपहाइमच्या ज्यू कुटुंबातले. 1884 मध्ये 17 व्या वर्षी अमेरिकेत गेले. थोरला भाऊ तिथे आधीपासून होता. पुढची बरीच वर्षं त्यांनी नोकऱ्याच केल्या: हिशेबनीस, मग ऑशकॉश इथल्या कपड्यांच्या दुकानाचे मॅनेजर. सिनेमाच्या धंद्यात उतरले तेव्हा वय 39 होतं.

1906 मध्ये त्यांनी शिकागोत 5 सेंट तिकिटाचं छोटं थिएटर काढलं. त्याआधी दुसऱ्याच्या थिएटरात किती माणसं येतात, हे स्वतः मोजलं. मग चित्रपटांची रिळं वेळेवर आणि धड मिळेनात, म्हणून वितरणात शिरले. एडिसन यांच्या पेटंटगटाने (सिनेयंत्रांची पेटंट हातात असलेल्या कंपन्यांचा गट) प्रत्येक प्रोजेक्टरमागे आठवड्याला 2 डॉलर मागितले, तेव्हा 1909 मध्ये ते गटाबाहेर पडले. आता दाखवायला चित्रपट हवेत, म्हणून स्वतःच काढू लागले. निर्मिती ही त्यांची तिसरी पायरी होती.

तूही याच क्रमाने जा. सुट्टीत एखाद्या वितरकाकडे किंवा एकपडदा थिएटरात काम माग आणि रोजचा कलेक्शन रिपोर्ट वाचायला शीक. तिकिटाच्या रकमेतून आधी जीएसटी जातो, मग थिएटरचा वाटा, वितरकाचं कमिशन, डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्क, जाहिरात. उरेल ते निर्मात्याचं. नवे निर्माते इथेच अडकतात. सगळी रक्कम शूटिंगवर लावतात आणि प्रदर्शनाच्या आठवड्यात पोस्टरलाही पैसे नसतात. म्हणून बजेटच्या 10 टक्के रक्कम आकस्मिक खर्चाला ठेवायची आणि प्रसिद्धीचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात. राज्य सरकारचं मराठी चित्रपटांचं अनुदान चित्रपट तयार झाल्यावर, परीक्षणानंतर मिळतं; ते भांडवलात धरू नये.

पदवीनंतर लाइन प्रोड्यूसरच्या, म्हणजे शूटिंगचा रोजचा खर्च आणि व्यवस्था पाहणाऱ्याच्या, हाताखाली जा. व्हाउचर, कॉलशीट (कुणी कधी, कुठे हजर राहायचं त्याचा तक्ता), रोजचा खर्च हीच तुझी शाळा. शिकायचंच असेल तर कोलकात्याच्या सत्यजित रे चित्रपट संस्थेत निर्मितीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. त्याला पदवी लागते, हे बाबांनाही सांग.

करार नीट वाचायची सवय आत्ताच लाव. लेखकाकडून हक्क घेताना मुदत लिहिली नाही, तर कॉपीराइट कायद्याने ती 5 वर्षंच धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मग परदेशी हक्क विकायला गेल्यावर कागद अपुरे पडतात.

कर्जाचंही तसंच. लेमले यांनी साडेसात लाख डॉलर उचलले आणि बदल्यात कंपनी 55 लाख डॉलरना विकत घेण्याचा पर्याय सावकाराला लिहून दिला. चित्रपटाचा खर्च वाढला आणि 1936 मध्ये कंपनी हातची गेली. (त्याच काळात नाझी जर्मनीतल्या ज्यूंना अमेरिकेत येता यावं म्हणून त्यांनी शेकडो हमीपत्रं दिली. तो भाग जरूर वाच.) तुझ्या पहिल्या चित्रपटासाठी कर्ज घ्यावं लागलं, तर काय तारण आहे आणि हप्ता चुकल्यास कशावर ताबा जाईल, हे सीए आणि वकील दोघांकडून लेखी घे आणि मगच सही कर.