लिंक खरी की खोटी, कोडनं कसं ओळखावं?

प्रश्न : आडत दुकानांची यादी दाखवणारं संकेतस्थळ मी पायथनमध्ये करतोय. दुकानदार फॉर्मवर आपल्या वेबसाइटचा पत्ता भरतात, मग सर्व्हर ते पान उघडून त्याचं शीर्षक उचलतो. नेटवरून घेतलेला रेगेक्स (मजकुराचा साचा तपासणारं सूत्र) ‘.भारत’चे पत्ते नाकारतो आणि भलतेच पत्ते सोडतो. काय करू?
– एक वाचक, लातूर

उत्तर : रेगेक्स काढूनच टाका. पायथनमधलं ‘यूआरएलस्प्लिट’ हे फंक्शन वापरा, पण ते पत्त्याचे फक्त तुकडे पाडतं, खरंखोटं करत नाही. ‘एचटीटीपीएस://’ न लिहिता दिलेला पत्ता ते बिनतक्रार घेतं आणि सगळाच्या सगळा ‘पाथ’मध्ये (साइटच्या नावानंतरच्या भागात) टाकतं, होस्ट (साइटचं नाव) रिकामा. दुकानदार बहुधा तसंच लिहिणार. म्हणून आधी मोकळ्या जागा छाटा, ‘://’ नसेल तर सुरुवातीला ‘एचटीटीपीएस://’ जोडा, मग तुकडे पाडा.

स्कीम (‘://’च्या आधीचा भाग) एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस असेल तरच पुढे जा. ‘नेटलॉक’ (वापरकर्ता, होस्ट, पोर्ट एकत्र असलेला तुकडा) नको, ‘होस्टनेम’ वाचा. ‘एचटीटीपीएस://बाजार.उदाहरण@चोर.उदाहरण’ यात खरा होस्ट @ नंतरचा; आधीचं नुसतं वापरकर्त्याचं नाव. असं नाव दिसलं की पत्ता नाकारा. पोर्ट (होस्टनंतर ‘:’ लावून येणारा आकडा) ६५५३५ च्या वर असेल तर चूक ‘पोर्ट’ वाचताना उठते, तुकडे पाडताना नाही. तेव्हा ते वाचणंही चूक पकडणाऱ्या ‘ट्राय’च्या आत घ्या.

‘.भारत’ डीएनएसला (नावावरून आयपी, म्हणजे यंत्राचा आकडी पत्ता, सांगणाऱ्या यंत्रणेला) ‘एक्सएन--’नं सुरू होणाऱ्या रूपात द्यावं लागतं. पायथनमधलं अंगभूत रूपांतर २००३ च्या नियमांवर चालतं आणि अर्ध्या र साठी काही कीबोर्ड घालतात ते न दिसणारं जोडचिन्ह गाळून टाकतं, म्हणजे नावच बदलतं. वेगळं ‘आयडीएनए’ पॅकेज बसवा. टिंबांमधल्या प्रत्येक भागाची ६३ अक्षरांची मर्यादा रूपांतरानंतर मोजली जाते.

खरा धोका पान उघडण्यात आहे. ‘१२७.१’ आणि ‘२१३०७०६४३३’ हे दोन्ही बहुतेक सर्व्हरवर १२७.०.०.१ लाच, म्हणजे तुमच्याच यंत्राला पोचतात. क्लाउडवर १६९.२५४.१६९.२५४ वरून सर्व्हरच्या चाव्याही हाती लागू शकतात. त्यामुळे नुसतं नाव पाहून भागत नाही. नावाचे आयपी शोधणाऱ्या ‘गेटअ‍ॅडरइन्फो’नं मिळालेला प्रत्येक आयपी ‘आयपीअ‍ॅड्रेस’ मॉड्यूलच्या ‘इज_ग्लोबल’नं (आयपी सार्वजनिक आहे का ते सांगणाऱ्या) तपासा आणि जोडणी त्याच आयपीला करा, नाव पुन्हा विचारलंत तर दुसऱ्यांदा उत्तर वेगळं येऊ शकतं. पान आणणारं ‘रिक्वेस्ट्स’ पॅकेज आपणहून रीडायरेक्टच्या (दुसऱ्या पत्त्यावर केलेल्या पाठवणीच्या) मागे जातं. ते बंद ठेवा आणि प्रत्येक नव्या पत्त्याला हीच चाळणी लावा. ‘रिक्वेस्ट्स’मध्ये टाइमआउटही (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) मुळात नसतो. पाच सेकंद पुरेत.